दृष्टिपटलाच्या शस्त्रक्रियेनंतरचे वक्रदर्शन

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राच्या सातव्या अध्यायात, दोष तृतीय पटलात पोहोचले असता रुग्णास समोरच्या व्यक्तीचे नाक, कान व डोळे विपरीत दिसतात, असे सांगितले आहे. सरळ रेषा वाकडी दिसणे, म्हणजेच वक्रदर्शन, हे लक्षण या वर्णनाच्या पुष्कळ जवळ जाते. अमुक पटल म्हणजे रेटिनाचा अमुक थर, असे समीकरण मात्र आम्ही मांडू इच्छित नाही.

विषय घेण्याचे कारण व्यावहारिक आहे. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील रुग्ण सुरत, नाशिक किंवा मुंबई येथे रेटिनाची शस्त्रक्रिया करून परततात आणि काही महिन्यांनी ‘दाराची चौकट अजून वाकडीच दिसते’ ही तक्रार घेऊन आपल्याकडे येतात. शस्त्रक्रिया फसली, असे त्यांनी मनाशी ठरविलेले असते. बहुतेक वेळा ते खरे नसते.

दृष्टिपटलाच्या मध्यभागी असलेल्या पीतबिंदूवर, म्हणजे मॅक्युलावर, पातळ पापुद्रा चढणे किंवा तेथे छिद्र पडणे ही या शस्त्रक्रियेची दोन प्रमुख कारणे होत. केली आणि वेंडेल यांनी १९९१ साली छिद्रावरील शस्त्रक्रियेचा पहिला वृत्तांत दिला, तेव्हा ५२ पैकी ५८ टक्के डोळ्यांतील छिद्रे बुजली होती. आज दहापैकी नऊ बुजतात. परंतु छिद्र बुजले म्हणजे रेषा सरळ झाली, असे नव्हे. ताणामुळे जागा सोडलेल्या प्रकाशग्राही पेशी ताण गेल्यावर हळूहळू स्थिरावतात; पूर्वीची मांडणी सर्वस्वी परत येतेच असे नाही. पापुद्रा काढल्यावरही बहुतेकांची दृष्टी सुधारते. सुधारणेचा मोठा भाग पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होतो व उरलेली वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ मंदगतीने चालू राहते. वाकडेपणा कमी होतो, पण अनेकांत त्याची छटा कायम राहते. पन्नाशीपुढील बहुतेक रुग्णांना दोनेक वर्षांत त्याच डोळ्यात मोतीबिंदू होतो. सुधारलेली दृष्टी पुन्हा धूसर झाली, तर प्रथम त्याचा विचार करावा.

यातून आपल्यासाठी एक अवघड गोष्ट निघते. तिसऱ्या महिन्यात त्रिफलाघृत सुरू केले आणि सहाव्या महिन्यात चौकट सरळ दिसू लागली, तर श्रेय कोणाचे? ही सुधारणा औषधाविनाही झाली असती. प्रारंभीच्या काळात आम्हीही असे श्रेय घेतले आहे, हे नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. आता आम्ही दरमहा एक डोळा झाकून ॲम्सलरच्या चौकटीच्या तक्त्यावर रुग्णाकडूनच वाकड्या रेषा काढून घेतो व तारीख घालून ठेवतो.

पहिल्या काही महिन्यांत शल्यचिकित्सकाच्या संमतीविना तर्पण, आश्च्योतन वा नस्य करू नये. लिंगनाशाच्या वेधनानंतर ढेकर, खोकला, शिंक, थुंकणे व अंग हलविणे सुश्रुतांनीही वर्ज्य केले आहे. त्यांचा रुग्ण उताणा असे. छिद्राच्या आजच्या रुग्णास पालथे राहावयास सांगतात, कारण डोळ्यात भरलेला वायूचा बुडबुडा वर चढून छिद्रावर टेकावा लागतो. हा वायू प्रकारानुसार दोन ते आठ आठवडे टिकतो आणि उंचीवर प्रसरण पावतो. शहाद्याहून सुमारे ११५० मीटर उंचीच्या तोरणमाळास किंवा चांदसैली घाटाने धडगावास निघालेल्या रुग्णाच्या डोळ्यातील दाब वाटेतच वाढू शकतो व दृष्टी जाण्याचा धोका संभवतो. ‘वायू पूर्ण गेला का?’ हे शल्यचिकित्सकास विचारल्याशिवाय अशा रुग्णास घरी जाण्याचा सल्ला देऊ नये. आपल्याकडील भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेल आढळतो. त्या रुग्णांचे नेत्र वाढलेला दाब विशेष कमी सहन करतात.

औषधालयाच्या मालकांना एकच विनंती. स्टिरॉइडचे थेंब जुन्या चिठ्ठीवर पुन्हा देऊ नयेत. त्यांनी वाढणारा दाब पुष्कळदा दुखत नाही. रुग्णास कळते तेव्हा हानी झालेली असते.

डोळ्यात वीज चमकणे, अकस्मात काळ्या ठिपक्यांचा वर्षाव, बाजूने पडदा सरकणे, तीव्र वेदना व लाली, यांपैकी काहीही आढळल्यास तिमिर समजून ‘सात दिवस औषध घेऊन पाहा’ असे सांगू नये. त्याच दिवशीची गाडी धरून नेत्रशल्यचिकित्सकाकडे जाण्यास सांगावे.