सर्व्हरवरची ‘डिफॉल्ट’ मूल्ये: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ऑगस्ट २०२० मध्ये अ‍ॅन्सिबल या सर्व्हर सांभाळण्याच्या साधनाची २.९.१२ ही आवृत्ती आली आणि अनेकांचे चालते काम अडले. प्लेबुकमधली, म्हणजे कामाच्या सूचनांच्या फाइलमधली, एक ओळही बदललेली नव्हती, तरी कॉपी किंवा टेम्प्लेट मॉड्यूलने नव्याने बनवलेल्या फाइली दुसऱ्या प्रोग्रामना वाचता येईनात. सीव्हीई-२०२०-१७३६ या सुरक्षा-त्रुटीवर उपाय म्हणून नव्या फाइलची मूळ परवानगी ०६६६ वरून ०६०० वर आणली गेली होती; म्हणजे मालकाशिवाय कोणालाही वाचन बंद. ज्यांनी टास्कमध्ये ‘मोड’ म्हणजे परवानगी स्वतः लिहिली होती, त्यांचे काहीच बिघडले नाही. बाकीच्यांचा त्रास पाहून लगेचच्या २.९.१३ मध्ये हा बदल मागे घेतला गेला.

डिफॉल्ट म्हणजे जाणकारांनी कायमचे ठरवून दिलेले सुरक्षित मूल्य, हा समज या एका घटनेत खोटा ठरतो. ते मूल्य मॉड्यूल लिहिणाऱ्याचे असते आणि आवृत्तीबरोबर बदलू शकते.

आपले डिफॉल्ट आपणच ठरवावे, यासाठी २०१८ च्या २.७ आवृत्तीपासून ‘मॉड्यूल_डिफॉल्ट्स’ची सोय आहे. प्लेच्या सुरुवातीला मॉड्यूलचे नाव आणि मूल्ये एकदा लिहिली की प्रत्येक टास्कमध्ये तीच पुन्हा लिहावी लागत नाहीत. पण तिथे लिहिलेले अंतिम, असे मात्र नाही. टास्कमध्ये स्पष्ट लिहिलेले मूल्यच वरचढ ठरते.

रोलमधल्या, म्हणजे पुन्हा वापरता येणाऱ्या टास्क-संचातल्या, ‘डिफॉल्ट्स’ फोल्डरशी याची गल्लत नेहमी होते. त्या फोल्डरात व्हेरिएबल असतात, तीही सर्वांत कमी अग्रक्रमाची. मॉड्यूलच्या पॅरामीटरशी त्यांचा थेट संबंध नसतो.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज व्याप्तीचा आहे. प्लेच्या पातळीवर दिलेली मूल्ये फक्त आपल्या टास्कपुरती राहतात, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ती त्या प्लेमध्ये वापरलेल्या रोलमध्येही शिरतात. अ‍ॅन्सिबलच्या अधिकृत माहितीतच तसा इशारा आहे. फाइल मॉड्यूलचा मालक वर ठरवला आणि बाहेरून आणलेल्या रोलने मालक लिहिलेला नसेल, तर त्या रोलच्या फाइलीही आपल्याच मालकाच्या नावे होतात. पपेट या तशाच साधनातही हेच दुखणे आहे: २०१२ च्या तिसऱ्या आवृत्तीने व्हेरिएबलचा डायनॅमिक स्कोप काढला, पण रिसोर्स डिफॉल्टचा तसाच राहिला. म्हणून अशी मूल्ये ब्लॉकमध्ये, नेमक्या त्याच टास्कभोवती ठेवावीत. एखाद्या मॉड्यूलची आधीची मूल्ये पुसायची असतील, तर त्याला रिकामी डिक्शनरी द्यावी.

‘सगळे अ‍ॅन्सिबल.सीएफजी या सेटिंग फाइलमध्ये टाकून मोकळे व्हा’ हा सल्लाही अपुराच. उत्तर कन्नडातल्या जोयडा तालुक्यात, जंगलातल्या गावांत रेंज तुटक असते. तिथे बसून दूरचे सर्व्हर सांभाळणाऱ्याला जोडणीची १० सेकंदांची मुदत त्या फाइलमधून वाढवता येते, एकावेळी ५ सर्व्हरची मर्यादाही बदलता येते. ‘मोड’ किंवा ‘मालक’ यांची जागा मात्र ती फाइल नव्हे.

मॉड्यूल_डिफॉल्ट्समध्ये मोड लिहिताना एक काळजी अवश्य घ्यावी: ‘०६४४’ असा, अवतरणचिन्हांत लिहावा. शून्य आणि अवतरणचिन्हे दोन्ही गाळून नुसते ६४४ लिहिले, तर ती दशमान संख्या समजली जाते आणि परवानगी १२०४ होते. म्हणजे मालकाला वाचता येत नाही, इतरांना येते. एका टास्कमध्ये झालेली ही चूक एक फाइल बिघडवते. वर लिहिलेली तीच चूक खालच्या सगळ्या फाइलींना लागते.