नऊ माणसं, एक मत
विचारांची पारख : लेखांक ६

पुण्याकडून कोल्हापूरला येताना पंचगंगेच्या पुलाच्या अलीकडे शिरोली एमआयडीसी लागते. महामार्ग सोडून आत वळलं की आधी वास येतो, तापलेल्या वाळूचा आणि तिच्यात मिसळलेल्या कोळशाच्या भुकटीचा. ऑइल इंजिनाच्या सुट्या भागांवर वाढलेल्या कोल्हापूरच्या फाउंड्र्या आज ट्रॅक्टर, ट्रक, पंप, व्हॉल्व्ह अशा कशाकशाची कास्टिंग्ज ओततात. माझ्या नोकरीची पहिली वर्षं इथल्याच एका फाउंड्रीत गेली. चार माणसं एकत्र बसली की त्यांचा विचार कसा चालतो आणि कुठं थांबतो, हे मी पुस्तकात वाचायच्या आधी तिथं पाहिलं. म्हणून आजचा लेख तिथूनच सुरू करतो.

आषाढ होता. एका पंप बॉडीचा माल ग्राहकाकडून परत येत होता. मशीनवर चढवल्यावर जाड फ्लँजच्या मुळाशी भोकं उघडी पडत होती. सकाळी रिजेक्शन मीटिंग बसली. मालक, वर्क्स मॅनेजर, मोल्डिंगचे दोन सुपरवायझर, मेल्टिंग, कोअर शॉप, सँड लॅब आणि फेटलिंगचे एकेक, आणि क्वालिटीतला सगळ्यांत नवखा मी. नऊजण. मालकांनी खुर्चीत बसता बसता म्हटलं, “पावसाळा आहे. वाळू ओली असणार.”

यात वावगं काहीच नव्हतं. साच्यात वितळलेलं लोखंड पडलं की वाळूतल्या पाण्याची वाफ होते. तिला वाळूतून निघायला वाट मिळाली नाही तर ती धातूत अडकते आणि भोक पडतं. याला ब्लो होल म्हणतात, आणि पावसाळ्यात ते पडतातही. मॅनेजर म्हणाले, वाळूच. मोल्डिंगवाले म्हणाले, दोन दिवस वाळू हाताला चिकटतेय. मेल्टिंगला हे सोयीचं होतं, कारण भट्टीचं नाव निघालं नाही. कास्टिंगच्या पोकळीसाठी वाळूचे गाभे, म्हणजे कोअर, बनवणाऱ्या कोअर शॉपलाही सोयीचं होतं. सँड लॅबचा माणूस तेवढा थोडा अस्वस्थ दिसला, पण आर्द्रता एक-दोन दिवस वर गेली होती हे खरं होतं, तेव्हा त्यानंही मान हलवली.

मी आदल्या संध्याकाळी एक कास्टिंग नेमकं भोकातून कापून भिंगाखाली धरलं होतं. वायूनं पडलेलं भोक आतून गुळगुळीत असतं, पुष्कळदा चकचकीत. मी पाहिलेलं भोक खडबडीत होतं, वेडंवाकडं, आतल्या बाजूनं झाडाच्या फांद्यांसारखे बारीक स्फटिक फुटलेलं. ही श्रिंकेजची खूण. धातू गोठताना आकसतो. जाड भाग सर्वांत शेवटी गोठतो, आणि तेव्हा त्याला लागणारा जादा धातू रायझरमधून, म्हणजे साच्यात त्यासाठीच ठेवलेल्या साठ्यातून, यावा लागतो. रायझरची मान आधीच गोठली तर ती वाट बंद होते आणि आत पोकळी राहते. वाळू भट्टीत भाजून आणली तरी ती पोकळी भरायची नाही.

माझी पाळी आली. मी म्हणालो, “वाळूच वाटतेय, सर.”

त्या वाक्याबद्दल मी पुढं अनेक वर्षं विचार केला आहे. मला कुणी दरडावलं नव्हतं. नोकरी जाईल अशी भीतीही नव्हती. मालक रागीट नव्हते. आणि मी खोटं बोलतोय असं मला त्या क्षणी वाटलंही नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. आठजणांचं ऐकता ऐकता मला वाटू लागलं होतं की मी कापलेला नगच वेगळा असेल, किंवा मला अजून भोकं ओळखता येत नसतील. माझं मत मी दाबून ठेवलं नव्हतं. माझी पाळी येईपर्यंत ते मत माझ्यापाशी उरलंच नव्हतं.

सोलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञानं १९५१ पासून अमेरिकेत केलेले प्रयोग नेमके या जागेवर बोट ठेवतात. खोलीत काही माणसं बसवायची. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. तिन्हींपैकी पहिलीएवढी कोणती, एवढंच सांगायचं. उत्तर शाळकरी पोरही सांगेल. पण खोलीतला एकच माणूस खरा परीक्षार्थी असे. बाकीचे आधी ठरल्याप्रमाणे अधूनमधून एकमुखानं चुकीची रेघ दाखवत. अशा फेऱ्यांत परीक्षार्थींची सुमारे एक तृतीयांश उत्तरं गटाबरोबर चुकली, आणि चारांतल्या तिघांनी निदान एकदा तरी गटाचीच री ओढली. नंतर विचारल्यावर काहींनी सांगितलं की आपण एकटे पडू म्हणून तसं बोललो. काहींनी मात्र सांगितलं की आपलेच डोळे चुकत असावेत असं वाटलं. मी या दुसऱ्यांतला.

याच प्रयोगांतल्या दोन गोष्टी कमी सांगितल्या जातात, आणि मला त्याच जास्त मोलाच्या वाटतात. खोलीत आणखी एकानं जरी खरं उत्तर दिलं, तरी परीक्षार्थीचं गटाबरोबर वाहून जाणं साधारण चौथाईवर आलं. आणि इतरांनी तोंडी उत्तरं दिली पण परीक्षार्थीला स्वतःचं उत्तर कागदावर लिहायला सांगितलं, तेव्हाही ते खूपच घटलं. माणूस तोच, त्याचा धीर तेवढाच. बदलली ती फक्त मांडणी.

म्हणून “स्वतंत्र विचार करा, ठाम राहा” हा उपदेश मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. तो सगळं ओझं एकट्या माणसाच्या छातीवर टाकतो. शिवाय त्यातून एक गैरसमज होतो, की सगळ्यांच्या उलट बोलणारा तो स्वतंत्र. तसं नसतं. जो नेहमी गटाच्या उलट बोलतो त्याचं मतही गटच ठरवत असतो. पुष्कळदा गट बरोबरही असतो. मोल्डिंगवरचे जुने कामगार मूठभर वाळू दाबतात, तिची काडी मोडून बघतात आणि ओल किती ते सांगतात. लॅबचा आकडा बहुधा त्याच्या जवळपासच येतो. त्या हाताचा मान ठेवलाच पाहिजे. प्रश्न एवढाच विचारायचा : नऊजण एक सांगतायत, तर नऊजणांनी पाहिलंय का? की एकानं अंदाज केला आणि आठांनी तो परत म्हटला? त्या सकाळी आमच्याकडे नऊ मतं नव्हतीच. मालकांचा एक अंदाज होता आणि त्याचे आठ पडसाद होते. आणि भोक आतून कसं आहे हे मालकांसकट बाकीच्या आठांपैकी एकानंही पाहिलेलं नव्हतं. ज्यानं पाहिलं होतं, तो पडसादात सामील झाला होता.

याची उलटी बाजूही आहे. १९०६ साली इंग्लंडमधल्या प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात एका बैलाचं मांस कापल्यावर किती भरेल याची पैज लागली होती. लोकांनी पैसे भरून आपापला अंदाज चिठ्ठीवर लिहिला. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टननं त्या चिठ्ठ्या मिळवल्या आणि वाचता येण्याजोग्या ७८७ चिठ्ठ्या ओळीनं लावल्या. मधोमध येणारा आकडा १२०७ पौंड होता, खरं वजन ११९८. त्यांत खाटीक होते, शेतकरी होते, काहीच न कळणारेही होते. तरी एकत्र मिळून ते एवढे जवळ गेले, कारण प्रत्येकानं आपापलं लिहिलं. पहिल्या माणसानं मोठ्यानं “पंधराशे!” म्हटलं असतं आणि बाकीच्यांनी त्याच्या मागोमाग सांगितलं असतं, तर ७८७ डोक्यांची किंमत एका डोक्याएवढी झाली असती.

पहिला आवाज दर वेळी माणसाचाच असतो असंही नाही. कोल्हापुरात तो भिंतीवरही असतो. २००५ च्या महापुराचं पाणी कुठवर आलं होतं याच्या खुणा पंचगंगेकाठच्या कितीतरी घरांत, दुकानांत होत्या. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी चढू लागलं तेव्हा अनेकांनी सामान त्या खुणेच्या हातभर वर ठेवलं आणि निर्धास्त झाले. शेजाऱ्यानं ठेवलं म्हणून शेजाऱ्यानं ठेवलं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला, ट्रकच्या रांगा लागल्या. २०२१ च्या जुलैत पाणी त्याहूनही वर, ५६ फुटांच्या पुढं गेलं आणि महामार्ग पुन्हा बंद झाला. बंधाऱ्यावरचा आकडा रोज जाहीर होत होता. पण आकडा प्रत्येकानं एकट्यानं वाचायचा असतो, आणि खूण साऱ्या गल्लीला मिळून पाठ असते. ज्यांचं नुकसान झालं त्यांना मी नावं ठेवत नाही. मी वाळूला होकार दिला, त्याच मनानं त्यांनी खुणेवर विश्वास ठेवला.

‘ग्रुपथिंक’ हा शब्द विल्यम व्हाइट या पत्रकारानं १९५२ मध्ये वापरला, पण त्याचा नीट अभ्यास आयर्विंग जॅनिस यांनी केला. त्यांचं पुस्तक १९७२ मध्ये आलं. त्यांनी घेतलेलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण क्युबातल्या बे ऑफ पिग्जचं. एप्रिल १९६१ मध्ये अमेरिकेच्या पाठबळावर सुमारे १४०० क्युबन निर्वासित तिथं उतरले आणि तीन दिवसांत मोहीम कोसळली. अध्यक्ष केनेडींच्या भोवती हुशार माणसांची वाण नव्हती. इतिहासकार आर्थर श्लेझिंगर यांनी योजनेविरुद्ध टिपण लिहून दिलं होतं, पण बैठकांत ते जवळजवळ गप्पच राहिले, आणि पुढं त्याबद्दल त्यांनी स्वतःला दोष दिला. त्यांचं टिपण म्हणजे माझं कापलेलं कास्टिंग, असं मला ते वाचताना वाटलं. दीड वर्षानं क्युबातल्याच क्षेपणास्त्रांचा पेच उभा राहिला तेव्हा केनेडी काही बैठकांना मुद्दाम गेले नाहीत. अध्यक्ष खोलीत नसले की माणसं मोकळी बोलतात, हे त्यांना आता कळलं होतं.

हीच समज आपल्याकडे एका नियमात आहे. भारतीय लष्कराच्या कोर्ट मार्शलमध्ये सदस्य आपलं मत देतात ते सर्वांत कनिष्ठापासून सुरुवात करून. वरिष्ठाचं मत कानावर पडायच्या आत कनिष्ठाचं नोंदलेलं असतं. आपल्या जिल्ह्यातल्या सैनिक टाकळीसारख्या गावात घराघरांतून लोक फौजेत जातात. तिथल्या निवृत्त सुभेदारांना हे सांगायची गरज नाही. कारखान्यांच्या, सहकारी संस्थांच्या, शाळांच्या बैठकांत मात्र आपण बरोबर उलटं करतो. अध्यक्षांच्या भाषणानं सुरुवात करतो आणि मग “कुणाला काही बोलायचंय का?” असं विचारतो.

आमच्या फाउंड्रीत पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. तीन आठवडे आम्ही वाळू कोरडी करत राहिलो. ती इतकी कोरडी झाली की साच्याच्या कडा झडू लागल्या आणि कास्टिंगमध्ये वाळूचे कण सापडू लागले. आता दोन दोष झाले. एका दुपारी मोल्डिंगवरचे एक वयस्क कामगार, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो, परत आलेल्या मालाच्या ढिगापाशी उभे राहून मला म्हणाले, “साहेब, भोक आतनं कसं हाय, कुणी बघितलंय काय?”

मी म्हणालो, मी बघितलंय. आणि सगळं सांगितलं. ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. रागावले नाहीत. “मग चला की,” एवढंच म्हणाले. आम्ही दोघं मिळून मॅनेजरांकडे गेलो. एकट्यानं तीन आठवड्यांत मला जमलं नव्हतं, ते दोघांना पाच मिनिटांत जमलं. पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा बनतो तो नमुना, दुरुस्तीला गेला होता तेव्हा रायझरची मान अरुंद झाली होती. ती पूर्ववत केली आणि भोकं थांबली.

त्यानंतर मालकांनी स्वतःहून एक पद्धत सुरू केली, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. मीटिंगच्या आधी दोष असलेला नग कापून टेबलावर ठेवायचा. प्रत्येकानं तो हातात घेऊन बघायचा आणि चहा यायच्या आत, कुणाशी न बोलता, आपल्याला वाटतं ते कारण चिठ्ठीवर लिहायचं. चिठ्ठीवर नाव नाही. मालकांची चिठ्ठीही त्याच डब्यात. मामांनाही बोलवायचं.

पहिल्यांदा हे केलं ते एका वेगळ्याच कास्टिंगसाठी. दहा चिठ्ठ्यांतून चार कारणं निघाली. मालकांनी त्या एकदा वाचल्या, बाजूला ठेवल्या आणि परत उचलून वाचल्या. मामांना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं कोअर काढला होता, आणि हवा बाहेर पडायच्या भोकावर एक फुली मारली होती.