छोट्या धंद्याला आता कोणते कागद लागतात?

सोलापुरात घर आणि कारखाना यांच्यात भिंत असतेच असे नाही. खाली माग, वर संसार. पुढच्या खोलीत गणवेशांची शिलाई, मागे स्वयंपाक. अशा धंद्याचे कागद घरातले कर्ते पुरुष पाहतात आणि तेही एजंट सांगेल तेवढेच. त्यामुळे सरकारने कमी केलेल्या कागदांचा फायदा घरापर्यंत पोहोचत नाही.

गुमास्त्याचेच घ्या. १९४८च्या कायद्यात लहान दुकानालाही नोंदणी करावी लागे, पुन्हा नूतनीकरण वेगळे. १९ डिसेंबर २०१७पासून नवा कायदा लागू झाला. दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी नको, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीस कामगारांपर्यंत नेण्याचे ठरवले. त्याच निर्णयात दुकानांतील कामाचे तास नवावरून दहा केले, हेही विसरू नये. मालकाचा कागद वाचला, कामगाराचा तास वाढला!

उद्यम नोंदणी १ जुलै २०२०पासून आहे. आधार आणि पॅन क्रमांक आणि स्वतःची घोषणा यांवर ती होते. कागद जोडायचा नाही, शुल्क नाही, नूतनीकरण नाही. तरीही तिच्यासाठी पैसे घेणारे भेटतात, देऊ नका. जीएसटीच्या कक्षेत न येणाऱ्या अगदी लहान धंद्यांसाठी २०२३पासून उद्यम असिस्टची सोय आहे. घरी शिवणकाम करणाऱ्या बहिणींनी ही नोंदणी स्वतःच्या नावावर करावी, म्हणजे बँकेत कर्ज मागताना धंदा त्यांचाच दिसेल.

जीएसटीत माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. मात्र टॉवेलचे गठ्ठे हैदराबादला जात असतील तर ही सूट सहसा मिळत नाही. इथे बरेच जण फसतात.

आता एक कागद असा, जो कमी झालेला नाही. १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली. मालक, त्यांच्या घरची माणसे आणि कामगार मिळून आठ जण गेले, त्यात एक तान्हे मूल होते. शहर अजून ते विसरलेले नाही.

राज्याचा अग्निसुरक्षा कायदा २००६चा आहे. आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन दर जानेवारीत आणि जुलैत सादर करायचे, ही जबाबदारी तो मालकावर किंवा जागा वापरणाऱ्यावर टाकतो. तपासनीस येवो न येवो. तपासण्या कमी व्हाव्यात ही कारखानदारांची मागणी रास्त आहे, कारण चकरा मारण्यात दिवस जातो. पण सुताच्या गठ्ठ्यांनी जिना अडवला असेल, तर तो मोकळा करायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. वर मुले झोपत असतील तर खाली उतरायला दुसरी वाट आहे का, हे आज रात्रीच पाहून घ्या.