अतिसक्रिय थायरॉईड: पहिल्या दवाखान्यात काय व्हायला हवे

‘जेवण दुप्पट झालंय, तरी ब्लाउज सैल होतायत.’ हुबळी-धारवाडात अशी तक्रार घेऊन बाई आधी गल्लीतल्या डॉक्टरांकडे जाते, नाहीतर ‘नम्म क्लिनिक’मध्ये. कर्नाटक सरकारच्या या क्लिनिकांचा आरंभ डिसेंबर २०२२ मध्ये हुबळीतूनच झाला. धडधड, घाम, चिडचिड, उडालेली झोप हेही असतेच. हात पुढे करून बोटे पसरायला लावावीत आणि त्यांवर कोरा कागद ठेवावा. डोळ्यांना न दिसणारी थरथर कागदाच्या कडेवर दिसते. वयस्कर माणसात मात्र नुसता थकवा आणि अनियमित नाडी एवढेच हाती लागते. म्हणून नाडीवर पुरे मिनिटभर बोट ठेवायला हवे आणि शंका आली तर ईसीजी काढायला हवा.

रक्तात टीएसएच अगदी खाली आणि टी-४ किंवा टी-३ वर, म्हणजे थायरॉईडचे संप्रेरक जास्त झाले. केसांसाठीच्या गोळ्यांतले बायोटिन हा रिपोर्ट चुकवू शकते. तपासणीआधी किमान दोन दिवस ते थांबवावे.

खरा प्रश्न पुढेच आहे: संप्रेरक का वाढले? ग्रेव्हज आजारात किंवा गाठींमुळे ग्रंथी जास्त संप्रेरक बनवते. थायरॉयडायटिसमध्ये ती सुजते आणि आधी साठवलेले संप्रेरक रक्तात गळते. कार्बिमॅझोल हे औषध नवे संप्रेरक बनणे थांबवते, त्यामुळे गळतीत ते निरुपयोगी. बाळंतपणानंतरच्या वर्षात, किंवा ताप येऊन मानेचा पुढचा भाग दुखत असेल, तर गळतीचा संशय आधी घ्यावा. अँटिबॉडीची तपासणी किंवा किरणोत्सारी द्रव्याचा स्कॅन उलगडा करतो. गरोदरपणी हा स्कॅन करत नाहीत. कारण न शोधता कार्बिमॅझोल लिहून मोकळे होणे मला अजिबात पटत नाही.

तोवर रुग्णाला तळमळत ठेवायचे कारण नाही. दमा नसेल तर प्रोप्रॅनोलोलने धडधड आणि थरथर लवकर कमी होते. लक्षणे तीव्र असतील तर तज्ज्ञांशी फोनवर बोलून कार्बिमॅझोलही सुरू करता येते. त्याआधी रक्तपेशी आणि यकृत तपासावे, गरोदरपणाची विचारणा करावी. पहिल्या तीन महिन्यांत औषध वेगळे लागते. आणि एक ताकीद रुग्णाच्या भाषेत, मराठीत किंवा कन्नडमध्ये, कागदावर लिहून द्यावी: घसा दुखला, ताप आला, तोंड आले, तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी रक्तपेशी तपासा. पांढऱ्या पेशी घटण्याचा हा धोका विरळा आहे, पण जिवावर बेतणारा आहे.

पुढे हुबळीच्या केएमसीआरआय (पूर्वीचे किम्स) रुग्णालयात पाठवा वा सत्तूरच्या एसडीएममध्ये, पाठवणीच्या चिठ्ठीत रिपोर्टांच्या तारखा, सुरू केलेला डोस आणि ईसीजी हवाच. खूप ताप, भ्रम, धाप, किंवा नजर मंद होणे असेल तर चिठ्ठीच्या रांगेत थांबू नये. त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. डोळे बाहेर आले असतील तर तंबाखू ओढणे आजच सोडावे.

चार ते सहा आठवड्यांनी टी-४ पाहून डोस ठरतो. टीएसएच कित्येक महिने खालीच राहू शकते. त्यावरून गोळी वाढवू नये. ग्रेव्हजचा उपचार साधारण १२ ते १८ महिने चालतो. थांबवल्यावर निम्म्याच्या आसपास रुग्णांत आजार परततो. तेव्हा रेडिओआयोडीन किंवा शस्त्रक्रिया हे मार्ग उरतात. रिपोर्टांची फाईल जपा, शेजारणीची थायरॉईडची गोळी घेऊ नका, आणि घसा-तापाचा अपवाद सोडला तर आपली गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.