पाचवी, सहावी आणि शिलाँगचा पाद्री

सावली गावाहून वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. त्या जिल्ह्याचा मोठा भाग संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत येतो. पाचवीच का, सहावी का नाही, या प्रश्नाचं खूळ मला फार जुनं. त्याच नादात एका खासी धर्मोपदेशकाची गाठ पडली : रेव्हरंड जेम्स जॉय मोहन निकोल्स रॉय.

चरित्र थोडक्यात उरकतो. जन्म १८८४, खासी टेकड्यांच्या दक्षिण उतारावरचं शेल्ला गाव. कलकत्ता विद्यापीठाची पदवी. लग्न अमेरिकन मिशनरी नोरा निकोल्स यांच्याशी. तिचं आडनाव यांनी लावलं! आपल्याकडे आजही भुवया उंचावतील. शिलाँगला ‘चर्च ऑफ गॉड’ उभारलं, दारूविरुद्ध बोलले, आसामच्या विधिमंडळात गेले, मंत्री झाले. १९५९ साली वारले.

आता माझ्या आवडीचा भाग. संविधान सभेने आसामच्या टेकड्यांसाठी गोपीनाथ बोर्डोलोईंची उपसमिती नेमली. निकोल्स रॉय तिच्यात होते. ठक्करबाप्पाही होते, गोखल्यांच्या भारत सेवक समाजातले हे बाप्पा आसाम वगळून उरलेल्या आदिवासी भागांच्या उपसमितीचे अध्यक्षही होते. म्हणजे एकच माणूस दोन्हीकडे, निकाल मात्र वेगळे. सहाव्या अनुसूचीतून टेकड्यांना स्वायत्त जिल्हा परिषदा मिळाल्या : जमीन, राखीव सोडून इतर जंगल, फिरती शेती, वारसा, विवाह यांवर कायदे करायचे, न्यायदानही करायचं. पाचवीतून आपल्या वाट्याला आली जनजाती सल्लागार परिषद. नावातच सल्ला, तो ऐकायचा की नाही, हे सरकारच्या मर्जीवर.

सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत सहाव्या अनुसूचीवर जोरदार वाद झाला. सभेचे सदस्य कुलधर चालिहा यांना यात फुटीरपणाची बीजं दिसली. निकोल्स रॉय यांचं म्हणणं उलटं होतं : टेकड्यांवरच्या माणसाला विश्वास द्या, तो आपणहून जवळ येईल, बरोबरीची भावना त्याला सपाटीवाल्यांनी शिकवायला नको. बाबासाहेबांनी या तरतुदींची बाजू मांडली. इतरत्रचे आदिवासी शेजारच्या समाजात बरेच मिसळले आहेत, आसामचे तसे नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद. बाबासाहेबांबद्दल पूर्ण आदर ठेवूनही हा मुद्दा मला पटत नाही. आमच्या धानोरा-एटापल्लीकडचा माडिया आदिवासी १९४९ साली कुणात मिसळला होता?

सहावी म्हणजे स्वर्ग, असंही नाही. तिथल्या परिषदा पैशांसाठी राज्य सरकारच्या तोंडाकडे बघतात. पण अधिकार कागदावर तरी आहे.

आमच्याकडे, गडचिरोलीत, तो मेंढा (लेखा) या गावाने मिळवून दाखवला. तिथल्या ग्रामसभेत मी बसलो आहे. सर्वांची संमती होईपर्यंत निर्णय नाही, मग कितीही वेळ लागो. २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तकही ग्रामसभेच्या हाती आलं.

हे झालं गावाचं. जिल्ह्याचं काय? पंचायत राज अनुसूचित क्षेत्रांत नेणाऱ्या १९९६ च्या पेसा कायद्यातच लिहिलंय, की अनुसूचित क्षेत्रातल्या जिल्हा पातळीवरच्या पंचायतींची व्यवस्था आखताना राज्यांनी सहाव्या अनुसूचीचा नमुना अनुसरण्याचा प्रयत्न करावा. महाराष्ट्राचे पेसा नियम २०१४ साली आले, गडचिरोलीची जिल्हा परिषद मात्र इतर जिल्ह्यांसारखीच राहिली. त्या पाद्र्याने दिल्लीत उभं राहून आपल्या टेकड्यांसाठी जे मागितलं, ते वैनगंगेकाठच्या एखाद्या आमदाराने मुंबईत उभं राहून मागावं. नवा कायदासुद्धा लागणार नाही, आहे तोच वाचून दाखवायचा.