चावी फिरवली की नुसतं 'टक्'?

नारायणगावात टोमॅटो मार्केटबाहेर परवा एक जुनी मारुती ८०० अडून बसलेली. चावी फिरवली की नुसतं 'टक्'. धक्का मारायला चौघं तयारच!

म्हटलं, आधी हेडलाइट लावून स्टार्टर मारा. लाइट एकदम मंदावला तर बॅटरी नाहीतर टर्मिनल बघायचं. तसाच लख्ख राहिला तर संशय सोलेनॉइडवर, झिजलेल्या कार्बन ब्रशवर किंवा इंजिनाच्या अर्थिंगच्या वायरवर.

मीटर असेल तर उत्तमच. बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, स्टार्टर मारताना साधारण ९.६ च्या खाली जाऊ नयेत.

इथे लाइट लख्ख होता. अर्थिंगच्या वायरचा बोल्ट गंजून हिरवा-पांढरा झालेला. पॉलिश पेपरने घासला, आवळला, गाडी सुरू! ओतूर-माळशेजकडच्या पावसात राहणाऱ्यांनी तर हा बोल्ट बघितल्याशिवाय नवा स्टार्टर घेऊच नये.

तुमची गाडी कसा आवाज करते? विचारा बिनधास्त.