मोटारीचा जीर्णोद्धार

जुनें देऊळ पडावयास आलें म्हणजे गांवकऱ्यांपुढें दोन मार्ग असतात. सगळे दगड उपसून टाकून नवी इमारत उभारावी, किंवा जो दगड झिजला असेल तेवढाच बदलून बाकीचें काम होतें तसें राखावें. पहिल्यास नवनिर्माण म्हणतात, दुसऱ्यास जीर्णोद्धार. जुन्या मोटारीच्या बाबतींतहि हाच विवेक करावा लागतो. आणि तो वेळेवर न केल्यामुळें पुष्कळ गाड्या दुरुस्त होऊनहि नाहींशा झाल्या आहेत.

अमेरिकन मोटारींचा विषय निघाला म्हणजे हल्लींच्या तरुणांच्या डोळ्यांपुढें ‘मसल कार’ उभी राहते. मध्यम आकाराच्या गाडींत थोराड, आठ नळकांड्यांचें इंजिन बसवून ती बेताच्या किंमतींत विकावयाची, ही त्या प्रकारामागील कल्पना. १९६४ सालच्या पाँटिअॅक जीटीओ या गाडीचें इंजिन ३८९ घनइंचांचें, म्हणजे सुमारें ६.४ लिटरचें होतें. त्याच वर्षीं एप्रिल महिन्यांत प्लिमथ बॅराकुडा आणि फोर्ड मस्टँग या दोन गाड्या साधारण पंधरवड्याच्या अंतरानें बाजारांत आल्या. परंतु त्या सुमारास परदेशी मोटारींना हिंदुस्थानचे दरवाजे जवळजवळ बंद झालेले होते. फोर्ड कंपनीनें १९२६ सालीं येथें शाखा काढली होती. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें शेव्हरोले गाड्यांची जोडणी सुरू केली होती. १९५३ सालीं जकात आयोगाच्या शिफारशीवरून, जे कारखानदार भाग येथेंच तयार करतील त्यांनाच वाव द्यावा असें धोरण ठरलें आणि या दोन्ही कंपन्यांनीं आपलें काम आवरतें घेतलें. त्यामुळें महाराष्ट्रांत जुनी अमेरिकन गाडी आढळली, तर ती बहुधा १९६४ च्या पूर्वींचीच असते.

अशा गाड्यांत डॉज, प्लिमथ आणि डिसोटो हीं नांवें वारंवार आढळतात, याचें कारण कुर्ला. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीनें अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशीं करार करून १९४७ पासून कुर्ल्यास या गाड्यांची जोडणी आरंभिली. ज्या आग्रा रस्त्यालगत तो कारखाना उभा राहिला, तोच रस्ता पुढें मुलुंड ओलांडून ठाण्यांत खोपटापर्यंत येतो. खोपट आज ओळखलें जातें तें एस. टी. च्या आगारामुळें. १ जून १९४८ रोजीं नगर ते पुणें या मार्गावर एस. टी. ची पहिली गाडी धांवली. आरंभींच्या काळांत या संस्थेकडे बेडफर्डबरोबर शेव्हरोले, स्टुडबेकर अशा अमेरिकन बनावटीच्या गाड्याहि होत्या. अमेरिकन यंत्राशीं परिचय असलेले कारागीर या राज्याला नवे नाहींत, एवढें यावरून दिसून येतें.

समजा, खोपटांतील एखाद्या कुटुंबाकडे आजोबांच्या वेळची प्लिमथ बंद गॅरेजमध्यें उभी आहे. इमारतीच्या पुनर्बांधणीचें ठरलें आहे आणि जागा रिकामी करून द्यावयाची आहे. भंगारवाला वजनावर भाव सांगतो. हौशी गिऱ्हाईक त्याच्या दसपट देऊं करतो. आणि घरांतील एकाच्या मनांत गाडी चालू करून ठेवावी असें आहे. अशा वेळीं प्रथम हातांत पाना घेऊं नये, कागद घ्यावा. नोंदणी पुस्तकांतील सांगाड्याचा आणि इंजिनचा क्रमांक गाडीवरील क्रमांकांशीं ताडून पाहावा. प्लिमथच्या इंजिनचा क्रमांक डाव्या बाजूस, पुढच्या अंगास, डायनॅमोच्या वरच्या सपाट जागीं ठोकलेला असतो, आणि त्याच्या आरंभींच्या अक्षरांवरून गाडीची पिढी कळते. ‘पी १५’ हीं अक्षरें असलीं तर इंजिन १९४६ ते १९४८ या काळांतील नमुन्याचें समजावें. क्रमांक जुळले नाहींत, किंवा खरवडलेले दिसले, तर पुढील खर्च तेथेंच थांबवावा.

परदेशीं भाग मागवितांना सर्वांत मोठी फसगत नांवामुळें होते. क्रायस्लर कंपनी परदेशीं विक्रीसाठीं एकाच प्लिमथच्या सांगाड्यावर निरनिराळीं नांवें लावीत असे. डॉज किंग्जवे आणि डिसोटो डिप्लोमॅट या गाड्या नांवानें वेगळ्या असल्या, तरी अंगानें प्लिमथच होत्या. अमेरिकेंत विकली जाणारी डॉज याहून निराळी आणि मोठी. म्हणून किंग्जवेच्या मालकानें अमेरिकेंतील दुकानदारास नुसतें ‘डॉज’ असें लिहून भाग मागविला, तर येणारा भाग उत्तम असूनहि गाडीस बसत नाहीं.

दुसरी फसगत मापाची. या गाड्यांचें सहा नळकांड्यांचें इंजिन दोन लांबींत तयार होत असे. अमेरिकेंतील प्लिमथ व डॉज यांच्या इंजिनचें माथें सुमारें साडेतेवीस इंच लांब असतें, तर कॅनडांत तयार झालेल्या प्लिमथ व डॉज यांचें पंचवीस इंच. हिंदुस्थानांत आलेली गाडी यांपैकीं कोणत्या घराण्यांतील आहे, हें नांवावरून ठरवूं नये. टेप लावून माथें मोजावें. दीड इंचाच्या या फरकामुळें हेड गॅस्केट, क्रँक शाफ्ट आणि इतर अनेक भाग बदलतात. एक मिनिटाचें हें मोजमाप दोन महिन्यांचा टपाल-प्रवास वांचवितें.

तिसरी अडचण उजव्या हाताच्या सुकाणूची. अमेरिकेंत गाडी डाव्या बाजूस बसून चालवितात; त्यामुळें आपल्या गाडीची सुकाणूची पेटी, पेडलांची जोडणी आणि मापकांची पाटी तेथें सहसा मिळत नाहीं. हे भाग ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका अशा देशांत शोधावे लागतात, कारण तेथेंहि उजव्या सुकाणूच्या क्रायस्लर गाड्या चालत होत्या. इंजिनचे भाग एका खंडांतून आणि सुकाणूचे दुसऱ्या खंडांतून, असा हा व्यवहार आहे. कारखान्याकडून मदतीची आशा नाहीं. डिसोटो हें नांव १९६० च्या अखेरीस बंद झालें आणि प्लिमथची शेवटची गाडी २००१ सालीं तयार झाली. आतां हे भाग पुरवितात ते जुन्या मालाचे व्यापारी आणि जुन्या नमुन्यावरून नवे भाग करणारे छोटे कारखानदार. कोणत्या गाडीचा भाग कोणत्या दुसऱ्या गाडीस चालतो, याच्या छापील याद्याहि अमेरिकेंत आहेत. ‘हॉलंडर’ नांवाची यादी १९३४ पासून प्रसिद्ध आहे.

प्रत्येक वस्तु परदेशांतूनच आणावी लागते असें मात्र नाहीं. पिस्टनसाठीं नळकांडीं कातून घेणें, व्हॉल्व्ह घासणें, बुश तयार करणें हीं कामें वागळे इस्टेटसारख्या वसाहतींतील लेथवर होऊं शकतात. पत्रा, गादी, रंग आणि कल्हई येथलेच कारागीर करतील. दिव्यांच्या कांचा, दरवाज्यांच्या मुठी असे किरकोळ जिन्नस मुंबईच्या चोरबाजारांत किंवा कुर्ल्याच्या भंगारांत हुडकावे. परदेशांतून आणावयाचें तें प्रामुख्यानें गॅस्केटचा संच, पिस्टनच्या कड्या, बेअरिंगें, पाण्याच्या व पेट्रोलच्या पंपांचे भाग आणि ब्रेकचें रबर. रबराविषयीं एक सावधगिरी ठेवावी. पन्नास वर्षांपूर्वींचा, न उघडलेल्या डब्यांतील अस्सल भाग म्हणून कोणी दुप्पट किंमत सांगेल. लोखंडी भागास तें ठीक आहे. परंतु रबर डब्यांतहि म्हातारें होतें. ब्रेकच्या वाट्या आणि नळ्या नेहमीं नव्यानें तयार झालेल्याच घ्याव्या. या गाड्यांत चारी चाकांच्या ब्रेकचें तेल एकाच मुख्य नळकांड्यांतून जातें; एक नळी फुटली तर चारी ब्रेक एकदम जातात. मग उरतो तो हातब्रेक. तोहि चाकांवर नसून गिअरपेटीच्या मागील दांड्यावर असतो, आणि धांवती गाडी थांबविण्यास तो पुरा पडत नाहीं.

यंत्र उलगडतांना आजच्या कारागिरास चकविणाऱ्या कांहीं गोष्टी आहेत. डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. तेथें नट सैल करण्यासाठीं पाना घड्याळाच्या कांट्याप्रमाणें फिरवावा लागतो. नेहमींच्या दिशेनें जोर केल्यास बोल्ट तुटतो. नटबोल्ट इंची मापाचे असल्यामुळें मिलिमीटरच्या पान्यानें त्यांचे कोपरे झिजतात. क्रायस्लरच्या गाड्यांत १९५५ सालच्या नमुन्यांपर्यंत बॅटरी सहा व्होल्टची असे आणि तिचें धन टोक सांगाड्यास जोडलेलें असे. आजच्या गाड्यांत याच्या अगदीं उलट. संवयीनें ऋण टोक सांगाड्यास जोडलें किंवा बारा व्होल्टची बॅटरी लावली, तर दिवे आणि डायनॅमो यांस इजा पोंचते.

इंधनाचाहि विचार करावा लागतो. शिसेयुक्त पेट्रोल भारतांत २००० सालीं बंद झालें. या इंजिनांत बाहेरच्या व्हॉल्व्हच्या बैठकी मुळांतच कठीण धातूच्या असल्यामुळें त्याचा फारसा उपद्रव होत नाहीं. परंतु २०२५ पर्यंत पेट्रोलमध्यें इथेनॉलचें, म्हणजे मद्यार्काचें, प्रमाण २० टक्क्यांवर आलें आहे. मद्यार्क हवेंतील ओल शोषून घेतो आणि जुन्या जातीचें रबर फुगवितो. म्हणून पेट्रोल पंपाचा पडदा आणि नळ्या मागवितांना त्या मद्यार्कास टिकणाऱ्या आहेत असें विचारून घ्यावें, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टांकी भरून ठेवूं नये.

आतां जकातीचा प्रश्न. परदेशी दुकानदाराच्या यादींतील किंमत ही खर्चाची केवळ पहिली पायरी असते. जकात आकारली जाते ती वस्तूची किंमत, विमा आणि वाहतूक मिळून होणाऱ्या रकमेवर. आणि जकातीसह होणाऱ्या रकमेवर पुन्हा वस्तु व सेवा कर बसतो. त्यामुळें जड भाग विमानानें आणल्यास वाहतुकीवरहि कर भरावा लागतो. लहान भाग एकत्र करून एका पेटींत मागविणें आणि जड भाग जहाजानें न्हावा-शेव्यास आणणें सोयीचें. अमेरिकन दुकानदार पुष्कळदां जुना भाग परत करण्याच्या अटीवर अनामत घेतात. येथून जुना भाग परत पाठविण्याचें भाडेंच अनामतीहून अधिक होतें. तेव्हां ती रक्कम गेलीच असें धरून हिशेब करावा. वापरलेल्या वस्तूंच्या आयातीवर सरकारी निर्बंध असल्यामुळें, जुनें इंजिन मागविण्यापूर्वीं चालू नियम अवश्य पाहावा.

हा इंजिनचा प्रश्न पुष्कळ कुटुंबांपुढें येतो. पेट्रोल परवडेनासें झालें तेव्हां अनेकांनीं या गाड्यांत डिझेल इंजिन बसवून घेतलें. त्यांचें तेव्हां चुकलें असें म्हणतां येत नाहीं. त्या इंजिनामुळेंच कित्येक गाड्या भंगारांत जाण्यापासून वांचल्या. परंतु १५ जुलै २०२१ रोजीं केंद्र सरकारनें मोटर वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीप्रमाणें, पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवावयाची असेल तर ती मूळ स्वरूपांत असावी लागते. सांगाडा, बांधणी वा इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाहीं. नव्या नोंदणीचें शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षें टिकते. पुढील नोंदणीस ५,००० रुपये पडतात. आधींच नोंदलेल्या गाडीस जुना क्रमांक ठेवतां येतो. अशी गाडी रोजच्या येण्याजाण्यास किंवा धंद्यास वापरतां येत नाहीं. प्रदर्शन, संचलन, दुरुस्ती आणि इंधन भरणें यांसाठींच ती रस्त्यावर आणतां येते. म्हणून डिझेल इंजिन काढून मूळ जातीचें बसविण्याचा बेत असेल, तर आधीं परिवहन कार्यालयाची परवानगी, मग खरेदी. आणि आयातीचा जकात-कागद गाडीच्या कागदांबरोबर जपून ठेवावा.

या सर्वांवरून खर्चाचा क्रम ठरतो. प्रथम कागदपत्रें, मग ब्रेक आणि सुकाणू, त्यानंतर इंजिन, मग तारा, मग पत्रा व रंग, आणि सर्वांत शेवटीं चकाकी. पुष्कळ लोक हा क्रम उलटा लावतात. रंग आणि क्रोम यांत पैसा संपतो आणि देखणी झालेली गाडी ढकलत न्यावी लागते. ज्या कुटुंबाला पहिल्या तीन पायऱ्यांचा खर्च झेपणार नाहीं, त्यानें गाडी अर्धवट उलगडूं नये. जशी आहे तशी, सर्व भागांसह, जाणत्या माणसास द्यावी. आणि जें कुटुंब हें काम अंगावर घेईल, त्यानें काढलेला प्रत्येक जुना भाग चिठ्ठी बांधून डब्यांत ठेवावा. परदेशांतून आलेला नवा भाग बरोबर आहे कीं नाहीं, हें सांगणारा साक्षीदार तोच असतो.